कीर्ती कुणाची?

‘कीर्ती’ आणि ‘कीर्तन’ हे शब्द एकाच कुळातले. दोन्हींच्या मुळाशी आहे उच्चारणे, सांगणे. कुणी तरी सांगत राहिले, तरच कीर्ती. शब्द स्त्रीलिंगी आहे, मुलीचे नावही आपण कीर्ती ठेवतो. पण वापर पाहा. मुलगा ‘घराण्याचे नाव काढतो’. मुलीने त्या नावाला बट्टा लावला नाही म्हणजे पुरे! तिच्याविषयी चारचौघांत बोलले जाऊ लागले, की ती कीर्ती नव्हे, बदनामी.

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली निघाले. जोतीराव फुल्यांनी त्याची बाजू घेतली. पुढे सांगणारे उरले नाहीत. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा कुठे ताराबाई आपल्याला भेटल्या.

परवा आमचे जुने अहवाल चाळताना माझी मान खाली गेली. दारूबंदी मोर्चाच्या वृत्तांतात पाहुण्यांची नावे पदव्यांसह होती. पोलीस ठाण्यासमोर रात्रभर बसलेल्या बायकांसाठी मात्र एकच ओळ: ‘इतर महिला बहुसंख्येने हजर होत्या.’ लिहिणारी मीच.

म्हणून विनंती. यापुढे वृत्तांत पाठवताना प्रत्येकीला विचारा, ‘तुमचे नाव छापू का?’ घरच्या त्रासाच्या भीतीने ती ‘नको’ म्हणाली, तर छापू नका. ते तिनेच ठरवायचे. ‘हो’ म्हणाली, तर तिला हवे तसे पूर्ण नाव लिहा. आपण नाही सांगितले, तर कोण सांगणार?