आभासी बाजारातील भाडेकरू

त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या गडावर लोटणारी गर्दी पायथ्याच्या दुकानदारांना नवी नाही. मात्र, या गर्दीतील प्रत्येक जण आपले गिऱ्हाईक नाही, हे त्यांतला जुना दुकानदार पुरता ओळखून असतो. यात्रा ओसरते आणि मैदान रिकामे होते. उरतात ती वर्षभर येणारी, नावानिशी ओळखीची माणसे. दुकान चालते ते त्यांच्यावर. समाजमाध्यमांच्या बळावर आभासी विश्वात छोटा व्यवसाय उभारू पाहणाऱ्या आजच्या तरुणांनी हा पिढीजात व्यवहार समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या या गावात गडमंदिर आहे, खिंडसीचा जलाशय आहे आणि १९९७ मध्ये स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयही आहे. गडाच्या पायऱ्या, मंदिरे आणि तलाव यांचे त्रिमितीय रूप संगणकावर साकारून परगावच्या वैदर्भीय कुटुंबांना आभासी सहल घडवावी, खेळांसाठी वास्तू व वेशभूषा तयार करून विकाव्यात, असे एखाद्या तरुणाला वाटले तर ते वावगे नाही. अशा कामाला आता पुणे-बंगळुरूला जाण्याची सक्ती उरलेली नाही. भांडवलही तुलनेने कमी लागते. आणि जाहिरात? ती तर समाजमाध्यमांवर फुकट, असे सांगितले जाते. खरी मेख या 'फुकट' शब्दात आहे.

जागा मालकीची नव्हे

आभासी विश्वातील उद्योजकतेचे पहिले गाजलेले उदाहरण 'सेकंड लाइफ'चे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २००३ मध्ये खुल्या केलेल्या या विश्वात 'अॅन्शी चुंग' हे नाव धारण केलेल्या, जर्मनीत राहणाऱ्या आयलिन ग्रेफ यांनी आभासी जमिनी घेऊन, सजवून, भाड्याने देण्याचा धंदा केला. मे २००६ मध्ये 'बिझनेसवीक'च्या मुखपृष्ठावर त्यांची प्रतिमा झळकली. त्याच वर्षाच्या अखेरीस आपली आभासी मालमत्ता दहा लाख डॉलरवर गेल्याचे त्यांनी जाहीर केले. जगभरातील अनेकांना तेव्हा नवी खाण सापडल्यासारखे वाटले.

परंतु, जमिनीचा खरा मालक वेगळाच होता. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने एका प्रकारच्या स्वस्त भूखंडांचे मासिक शुल्क ७५ डॉलरवरून १२५ डॉलर करण्याची घोषणा केली. मोठी ओरड झाली, तेव्हा वाढ टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले. ज्यांनी त्या भूखंडांच्या हिशेबावर भाडेकरू जमवले होते, त्यांचे गणित मात्र एका घोषणेने विस्कटले. त्यांच्या कष्टात खोट नव्हती. ते कष्ट परक्याच्या जमिनीवर केलेले होते, इतकेच.

दोन मालकांचा कूळ

समाजमाध्यमांवर विसंबून जाहिरात करणाऱ्या आभासी व्यावसायिकाला असे दोन मालक असतात. एक, ज्याच्या विश्वात तो दुकान थाटतो; दुसरा, ज्याच्या चावडीवर तो दवंडी पिटतो. यांपैकी कोणीही नियम बदलला तरी फटका त्यालाच बसतो.

बलाढ्य कंपन्यांनाही याचा चटका बसला आहे. झिंगा या कंपनीने जून २००९ मध्ये फेसबुकवर आणलेल्या 'फार्मव्हिल' या आभासी शेतीच्या खेळाला काही महिन्यांतच दरमहा आठ कोटींहून अधिक खेळाडू लाभले. मित्राच्या शेतात काय पिकले, याच्या सूचना एकमेकांना आपोआप जात. तीच त्या खेळाची जाहिरात होती. सूचनांच्या भडिमाराने वापरकर्ते वैतागले आणि मार्च २०१० मध्ये फेसबुकने अशा सूचनांची वाट बंद केली. तरीही, २०११ मध्ये झिंगाचे नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पन्न फेसबुकमार्गेच येत होते. फ्लॅश हे तंत्रज्ञान मोडीत निघाले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी तो मूळ खेळही बंद झाला. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने व्यावसायिक पानांपेक्षा आप्तमित्रांच्या नोंदींना प्राधान्य देण्याचे जाहीर केले. आधी फुकट पोहोचणारा मजकूर पोहोचवण्यासाठी मग पैसे मोजणे आले. आधी रस्ता मोफत खुला करावा, वर्दळ वाढली की नाका उभारावा, अशीच ही रीत आहे.

आपल्याकडे तर नाकाच नव्हे, रस्ताही एका रात्रीत बंद झाल्याचा अनुभव आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने त्या निर्णयाचे समर्थन करणारे पुष्कळ होते आणि त्यात तथ्यही असेल. तथापि, तालुक्याच्या गावात राहून तेथे लाखो प्रेक्षक जमवणाऱ्यांना आपल्या चाहत्यांचा एकही पत्ता सोबत नेता आला नाही, ही वस्तुस्थिती राहतेच.

वाहवा आणि विक्री

दुसरा गैरसमज लोकप्रियतेविषयीचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. अपहृत भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची कथा त्यांनी भारतीय पुराणकथा व चित्रशैलीच्या आधारे 'राजी : अॅन एन्शंट एपिक' या खेळात रचली. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणीसाठी आवाहन केले. खेळाच्या देखणेपणाचे कौतुक झाले; पण निधीचे लक्ष्य गाठता आले नाही. चमूने हार मानली नाही. खेळाचा दर्जा पाहून एपिक गेम्स या कंपनीचे अनुदान मिळाले आणि ऑगस्ट २०२० मध्ये हा खेळ आधी निन्टेन्डोच्या यंत्रावर व ऑक्टोबरमध्ये इतरत्र प्रसिद्ध झाला. त्या वर्षीच्या 'द गेम अॅवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम स्वतंत्र खेळाच्या गटात त्याला नामांकन लाभले.

यातून निघणारा धडा समाजमाध्यमे निरुपयोगी आहेत, असा नाही. ती ओळख करून देतात. विश्वास मात्र वस्तूच मिळवून देते. हजार अंगठे आणि दहा पावत्या यांतून निवड करायची झाल्यास व्यवसायाने दहा पावत्याच निवडाव्यात.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांना मनाई केली, ई-क्रीडा व करमणुकीचे खेळ त्यातून वेगळे ठेवले. मनाई असलेल्या खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. आपले पान थोडे नावारूपाला आले की अशा जाहिरातींची आमिषे दारात येतात. चार पैशांच्या मोहात केलेली एक नोंद उभ्या व्यवसायाच्या मुळावर येऊ शकते.

मग छोट्या व्यावसायिकाने करावे काय? समाजमाध्यमावर आपल्या गडाची, पायऱ्यांची, दीपोत्सवाची अर्ध्या मिनिटाची झलक जरूर दाखवावी. पण तेथून लोकांना स्वतःच्या संकेतस्थळावर आणावे. त्यांच्या संमतीने, २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्याचे भान ठेवून, त्यांचे दूरध्वनी वा ई-मेल जपावेत. आरेखनांच्या मूळ फायली आपल्या ताब्यात ठेवाव्यात, म्हणजे एक आभासी विश्व बंद पडले तरी माल दुसरीकडे मांडता येईल. संरक्षित वास्तूंच्या चित्रीकरणाची रीतसर परवानगी घ्यावी. आणि पैसे देणारी पहिली दहा कुटुंबे मिळेपर्यंत घरचा सोनेनाणे गहाण टाकण्याचा विचारही करू नये. हे उपाय चकचकीत नाहीत, पण गावाकडच्या मुलांचे पहिले भांडवल बहुधा आईवडिलांच्या बचतीतून येते, याचा विसर पडू नये.

'मेघदूता'तील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. त्या काव्यातील यक्षालाही परक्याच दूतावर भिस्त ठेवावी लागली. मेघ काही त्याच्या मालकीचा नव्हता. पण निरोप कोणाला द्यायचा, हे त्याला पक्के ठाऊक होते. वाट कोणती, नगरी कोणती, घराच्या खुणा कोणत्या, हे सारे त्याने बारकाईने सांगितले होते. दूत उसना असला तरी चालेल, पत्ता मात्र आपल्याजवळ हवा. रामटेकच्या नव्या उद्योजकाने समाजमाध्यमांकडे याच दृष्टीने पाहावे, हे श्रेयस्कर.