घरगुती दुरुस्ती : पेटीची बिजागरी

गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरीं औषधांच्या पेटीचें झांकण निखळलें. पेटी प्लॅस्टिकची, झांकण व तळ एकाच तुकड्याचे, मध्यें पातळ घडी. ती घडी कित्येक दिवस अर्धी फाटलेली होती व आम्ही 'पाहूं, करूं' म्हणत होतों. एके रात्रीं पेटी उचलतांना नुसतें झांकणच हातीं राहिलें आणि वडिलांच्या रक्तदाबाच्या व काकूंच्या मधुमेहाच्या गोळ्या जमिनीवर एकत्र झाल्या. कापून ठेवलेल्या पाकिटांवर नांवें कोठून असणार? काकू भलतीच गोळी तोंडांत टाकणार तोंच सूनबाईंनीं त्यांचा हात धरला. एका क्षुल्लक बिजागरीविषयीं हा लेखनप्रपंच कां, हें यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

असल्या पेट्या बहुधा पॉलिप्रॉपिलीन नामक प्लॅस्टिकच्या असतात. इटलींतील रसायनशास्त्रज्ञ जूलिओ नाता यांनीं १९५४ सालीं त्यावर महत्त्वाचें संशोधन केलें. १९६३ चें नोबेल पारितोषिक त्यांस कार्ल त्सीग्लर यांच्यासमवेत मिळालें. या द्रव्याचा गुण असा कीं, अर्ध्या मिलिमीटरहून पातळ घडी प्रथम दुमडली म्हणजे आंतील रेणूंच्या सांखळ्या ताणल्या जाऊन एका दिशेस लागतात, आणि मग ती घडी लक्षावधि वेळां उघडझांक सोसते. मग ती फाटते कां? मुख्यतः उन्हानें. खिडकींत ठेवलेल्या पेटीवर जंबुपार किरण पडून त्या सांखळ्या तुटतात व घडी ठिसूळ होते. झांकण मागें रेटण्याची मुलांची खोड हें दुसरें कारण. (मोठ्यांचीही, हें कबूल केलें पाहिजे.)

प्रथम डिंकाच्या नळीकडे हात जातो, तसा आमचाही गेला. पॉलिप्रॉपिलीनास बाजारचा झटपट डिंक नीटसा धरीतच नाहीं. शिवाय वाळल्यावर तो कांचेसारखा कडक, मग घडी वांकणार कशी? कापडी चिकटपट्टी चालते, पण उन्हाळ्यांत तिचा चीक पाझरून धूळ धरतो. शिवणें हाच उपाय आम्हांस टिकाऊ वाटला. प्लॅस्टिक कोणतें हें ओळखण्यास बुडाशीं त्रिकोणांत ५ हा आंकडा आहे का पाहावें. नसल्यास नखाएवढी कपची पाण्यांत बुडवून सोडावी. पॉलिप्रॉपिलीन वर येतें. टिचणारें पॉलिस्टायरीन तळाशीं राहतें.

फाटलेली घडी सुरीनें दोन्ही बाजूंस सरळ छाटावी. कडेपासून सुमारें ४ मिलिमीटर आंत, एकेका सेंटिमीटरावर, समोरासमोर खुणा कराव्या. दाभण चिमट्यांत धरून तापवावा व भोंकें पाडावीं. खिडकी उघडी असावी, धूर वाईट. थंड दाभणानें जुनें प्लॅस्टिक तडकतें, हा धडा आम्ही एक कोपरा गमावून शिकलों. दोरा गळास लावतात तो नायलॉनचा घ्यावा. (आमच्या घरीं गळाचा दोरा कसा, अशी शंका नको, काकू त्यांत मण्यांच्या माळा ओंवतात.)

टांक्याची रीत महत्त्वाची. दोरा झांकणाच्या भोंकांतून वरून खालीं न्यावा, दोन्ही कडांमधील फटींतून वर काढावा, समोरच्या भोंकांत वरून घालून पुन्हां फटींतूनच वर आणावा, व असेंच पुढील जोडीकडे जावें. इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखी वीण पडते. झांकण सताड उघडून मगच दोरा ओढावा. मिटलेल्या स्थितींत आंवळल्यास पेटी पुढें उघडणार नाहीं. नायलॉनची गांठ सुटते, म्हणून टोंक विस्तवाजवळ नेऊन त्याचा मणी करावा.

घडीऐवजीं खिळीवर फिरणारी बिजागरी असल्यास झिजलेली खिळी काढून सायकलच्या चाकाची तार घालावी. ती साधारण २ मिलिमीटर जाड असते. टोंकें वळविलीं कीं झालें.

आमची पेटी शिवून होतांच काकूंनीं ती दहा-बारा वेळां उघडून पाहिली आणि टांके वांकडे असल्याचें सांगितलें. पेटी आतां खिडकींतून कपाटांत गेली आहे. दोघांच्या गोळ्या निरनिराळ्या डब्यांत, आणि पाकीट कापतांना नांवाचा भाग शेवटपर्यंत राखण्याचें काम नातवाकडे.