बालवर्गांतील रंगकाम व प्राचीन उडते प्राणी

लहान मुलांस प्राचीन काळच्या प्राण्यांची मोठी गोडी असते. त्यांत पंख पसरलेल्या टेरोसॉरचें चित्र दिसलें, तर मग विचारावयासच नको. म्हणून या प्राण्यांच्या छापील रेखाकृति मुलांच्या हातीं देऊन त्यांत रंग भरावयास लावण्याची चाल पडली आहे. कित्येक पालक हा वेळेचा अपव्यय समजतात. कित्येक शिक्षकहि तें वर्ग शांत ठेवण्याचें साधन मानितात. आमच्या मतें रंगकाम हा खरा पाठ होऊं शकतो. मात्र त्यांतील रेषा कशावरून आली आणि रंग कोठून आला, हें शिक्षकास ठाऊक पाहिजे.

रेषा पुराव्यावरून आलेली असते. जर्मनींतील बव्हेरियाच्या चुनखडकांत सांपडलेल्या अशा एका सांगाड्याचें वर्णन कोलिनी या इटालियन पंडितानें १७८४ सालीं प्रसिद्ध केलें. हा प्राणी समुद्रांतला असावा, असा त्याचा तर्क होता. तर्क चुकला, पण सोबतचें चित्र चांगलें होतें. त्याच्याच आधारें फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यानें १८०१ सालीं हा उडणारा सरीसृप असल्याचें मत मांडलें. काळजीपूर्वक काढलेल्या रेषेचें मोल यावरून कळून येईल.

या प्राण्याच्या पंखाची रचना मुलांस स्वतःच्या हातावर दाखवितां येते. पहिलीं तीन बोटें आंखूड व नखांचीं. चौथें, म्हणजे आपली अनामिका, अतिशय लांब, आणि तिच्या आधारें पंखाचा पडदा ताणलेला. करंगळी तर नव्हतीच. वटवाघुळाचा पडदा चार बोटांवर ताणलेला असतो, पक्ष्याच्या हाताला पिसें असतात. उडण्याची विद्या एकच, पण तिच्या रीति तीन! ज्या छापील चित्रांत टेरोसॉरला वटवाघुळाचा पंख दिलेला असतो, किंवा त्याच्याजवळ भाला घेतलेला मनुष्य उभा असतो, तें चित्र शिक्षकानें वर्गांत आणूं नये. हे प्राणी सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं नष्ट झाले. मनुष्यानें त्यांस कधींहि पाहिलें नाहीं.

एवढ्या वर्षांची गणना ऐकून आमच्या कांहीं श्रद्धाळू पालकांचें मन साशंक होतें. त्यांस आम्ही सांगूं इच्छितों कीं, मेरी ॲनिंग या बाईस इंग्लंडांत १८२८ सालीं सांपडलेल्या टेरोसॉरचें वर्णन ज्यांनीं पुढल्या वर्षीं केलें, ते विल्यम बकलंड स्वतः ख्रिस्ती धर्मगुरु होते. भूगर्भांतहि सृष्टिकर्त्याचें ज्ञान व सामर्थ्य प्रकट होतें, असें त्यांनीं १८३६ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें आहे.

आतां रंगाविषयीं. खडकांत हाडें टिकतात, रंग सहसा टिकत नाहीं. ब्राझिलमधील तुपँडॅक्टिलस नांवाच्या टेरोसॉरच्या पिसांत रंगद्रव्याचे वेगवेगळ्या आकाराचे कण आढळल्याचें २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यावरून त्याच्या अंगावर एकाहून अधिक रंग असावेत असें दिसतें. परंतु बहुतेक जातींविषयीं असा पुरावा नाहीं. मग बाळानें जांभळा रंग भरला, तर त्याच्या कागदावर लाल फुली मारण्याचा अधिकार कोणास आहे? त्याला "हाच रंग कां?" असें विचारावें. "झाडींत लपावयास हिरवा," असें उत्तर आलें, तर त्या बाळानें विचार केला असें समजावें, आणि हा आपला तर्क आहे, हेंहि त्याला प्रेमानें सांगावें.

"हें ठाऊक आहे" आणि "हें असें वाटतें" यांतील भेद ओळखणें, हा सत्यनिष्ठेचा पहिला धडा होय. मोठमोठ्या माणसांसहि तो साधत नाहीं. पांच वर्षांच्या मुलास मात्र तो रंगीत खडूनें शिकवितां येतो. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मूल असें चित्र घरीं आणील तेव्हां "असा रंग कोठें असतो काय?" असें म्हणूं नये. त्याला जवळ घ्यावें आणि विचारावें, "बाळ, याचीं बोटें मोजलींस का?"