चार कोअर म्हणजे सगळं नव्हे, बॉस!

वन रूम किचन, भिंतीवर मस्त एलईडी टीव्ही आणि लॅपटॉप मात्र ऑफिसचा. असा संसार असला की टीव्हीमागे खोचायची मिनी पीसी स्टिक मोहात पाडणारच. पेन ड्राइव्हपेक्षा जरा मोठी, खिशाला परवडणारी आणि खोक्यावर ठळक अक्षरात ‘क्वाड-कोर’! झालं, आपण कार्ड काढतो. पण जरा थांबा. आज चार कोअर कोणाकडे नाहीत?

एक काळ होता, तेव्हा या शब्दाला वजन होतं. २०१२ मध्ये आलेल्या एमके८०२ या अँड्रॉइड स्टिकमध्ये एकच कोअर होता. वर्षभरात रॉकचिपचा आरके३१८८ आला, चार कोअरवाला. फरक खरोखर जाणवायचा.

मग २०१५ मध्ये विंडोजवाल्या स्टिक आल्या. इंटेलची कॉम्प्युट स्टिक भारतात ९,९९९ रुपयांना, तर आयबॉलची स्प्लेंडो ८,९९९ ला. आता गंमत बघा. दोन्हींत तोच चार कोअरचा अ‍ॅटम प्रोसेसर, तीच २ जीबी रॅम, तेच ३२ जीबी स्टोरेज. म्हणजे नुसते कोअर मोजून निवड करणार कशी?

त्याहून भारी किस्सा २०१६ चा. इंटेलने नव्या स्टिकचं एक मॉडेल कोअर एम३ प्रोसेसरचं काढलं. कोअर फक्त दोन, पण चार कोअरच्या अ‍ॅटमला सहज मागे टाकणारे. शिवाय रॅम ४ जीबी. किंमतही अर्थात दुपटीहून जास्त! तात्पर्य काय, तर कोअर किती यापेक्षा ते कसले आणि सोबत रॅम किती, हे आधी बघायचं.

सेकंडहँड बाजारात यातली एखादी स्वस्तात दिसली तर? विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं. २ जीबीवाल्यांचा पत्ता तिथेच कट. एम३ प्रोसेसरही अधिकृत यादीत नाही. अशा स्टिकवर नेट बँकिंग? नकोच.

अँड्रॉइडच्या बिनानावाच्या स्टिक आणि बॉक्सचं दुखणं वेगळं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ बद्दल इशारा दिला. काही स्वस्त उपकरणांत व्हायरस चक्क खरेदीपूर्वीच घुसवलेला असतो. मग तुमचं घरचं इंटरनेट वापरून दुसराच कोणी उद्योग करतो. जुलैमध्ये गूगल कोर्टात गेलं, तेव्हा अशा उपकरणांचा आकडा एक कोटीच्या वर होता. ‘सगळे चॅनल फ्री’ असं लिहिलेलं दिसलं, की समजून जा!

आणि हो, या स्टिक नामांकित ओटीटी अ‍ॅप्सना मान्य नसतील, तर फुल एचडी टीव्हीवरही चित्र हलक्या दर्जाचं दिसू शकतं. तिथे चार काय, आठ कोअरही कामाचे नाहीत.

मग घ्यायचं काय? नुसते सिनेमे आणि सिरीज बघायच्या असतील, तर फायर टीव्ही स्टिकसारखी माहितीतल्या ब्रँडची स्टिक पुरे. दुसरी कुठली अँड्रॉइड स्टिक असेल, तर ती कंपनी गूगलच्या अँड्रॉइड टीव्ही पार्टनर यादीत आहे का, ते तपासा. एक्सेल, ई-मेल, दहा टॅब असं खरं काम असेल, तर ८ जीबी रॅमचा छोटा मिनी पीसी घ्या. तो स्टिकएवढा नाजूक नसेल, पण टीव्हीमागे आरामात लपतो.

शेवटची टिप : स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टातून देऊ नका. साध्या यूएसबी २.० पोर्टातून अर्धा अँपियर मिळतो, विंडोजवाल्या स्टिकला लागतात दोन. सोबतचा अ‍ॅडॉप्टर वापरा. नाहीतर ऐन सुपर ओव्हरला स्टिक रिस्टार्ट होईल आणि मित्रमंडळी तुम्हाला सोडणार नाहीत!