टेकडीवर कोण, खाली कोण?
घोडदळाच्या जुन्या वेस्टर्नपटांचा साचा ठरलेला: मूठभर शिपाई, चहूबाजूंनी वेढा आणि ऐनवेळी रणशिंग वाजवत चौखूर उधळलेले घोडे. नागपूरकरांसाठी हे सगळं बर्डीवरच, म्हणजे सीताबर्डीवर, घडलेलं आहे. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर मारा सुरू केला. वर ईस्ट इंडिया कंपनीचे जेमतेम चौदाशे लोक, खाली त्यांच्या कितीतरी पट. दुसऱ्या दिवशी सकाळी दारूगोळ्याचा गाडा उडाला, एकच गोंधळ माजला आणि भोसल्यांच्या पदरच्या अरबांनी धाकटी टेकडी घेतली. तेव्हा कॅप्टन फिट्झजेराल्डने वरिष्ठांचा नकार न जुमानता, सगळी जोखीम स्वतःच्या शिरावर घेऊन बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या समोरच्या फौजेवर घातल्या, तोफा हिसकावल्या आणि डाव फिरवला. पडद्यावर या प्रसंगाला टाळ्या पडल्या असत्या. आपण त्या वाजवायच्या का? वेढ्याच्या गोष्टीत कॅमेरा आत असतो, म्हणून प्रेक्षकाचा जीवही आतल्यांसाठीच तुटतो. जॉन फोर्डने १९४८ च्या ‘फोर्ट अपाची’त हेन्री फोंडाचा हेकट कर्नल दाखवला, तशीच बाहेरच्या अपाची सरदार कोचीझची बाजूही मांडली, फोर्डचं मोठेपण तिथे आहे. बर्डीचा गुंता तर आणखी अवघड. टेकडीवर कंपनीसाठी मरणारे बहुतेक मद्रासी आणि हिंदुस्थानी, खाली भोसल्यांसाठी लढणाऱ्यांत अरब! हा चित्रपट मराठीत कुणी काढलाच, तर त्याने एक कॅमेरा खाली, जुम्मा तलावाच्या बाजूलाही लावावा.