ऑफिसातलं ‘अगं’

मागच्या गणपतीत आरती झाल्यावर आमच्या मंडळातली एक मुलगी मला बाजूला घेऊन गेली. वय सत्तावीस-अठ्ठावीस, एच-१बी व्हिसा, नोकरी डेटा इंजिनिअरची. टीममध्ये नऊ जण. बायका दोनच, ही आणि एक अमेरिकन. टीम लीड मराठी.

“मावशी, तो मीटिंगमध्ये सगळ्यांशी इंग्रजीत बोलतो आणि मधेच माझ्याकडे वळून मराठीत म्हणतो, ‘अगं, तेवढे मिनिट्स लिहून टाक ना.’ मी डिझाइनमधली चूक दाखवली तर ‘अगं, तू थांब जरा, मी बघतो.’ बाकीचे कौतुकाने हसतात. त्यांना वाटतं, किती घरगुती वातावरण आहे!”

मी तिला काय सांगितलं ते आधी कबूल करते, म्हणजे पुढचं कुणाच्या तोंडून येतंय ते कळेल. मी म्हटलं, “ग्रीन कार्डचं काम पुढे सरकू दे, मग बघू. आपलाच माणूस आहे, समजून घे.” पंचवीस वर्षांपूर्वी मी या देशात नवीन असताना मलाही एका काकूंनी हेच सांगितलं होतं. तेव्हा मी गप्प बसले, आणि शहाणपणा समजून तोच सल्ला सांभाळून ठेवला.

घरी येताना गाडीत मुलीने विचारलं, “आई, तो गोरा असता तर तू हेच सांगितलं असतंस?”

मला उत्तर देता आलं नाही. मग तिने ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हा शब्द काढला. मराठीत याला ‘आंतरछेदिता’ म्हणतात. जेवताना कुणी हा शब्द वापरेल असं वाटत नाही. पण त्यामागची गोष्ट अगदी साधी आहे.

१९६४ पूर्वी जनरल मोटर्समध्ये काळ्या स्त्रियांना घेतच नसत. पुढे घेतलं, पण मंदी आल्यावर ज्येष्ठतेनुसार कपात झाली आणि शेवटी आलेल्या त्याच आधी बाहेर पडल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. १९७६ मध्ये कोर्टाने म्हटलं, कंपनीत स्त्रिया होत्याच, म्हणजे स्त्री म्हणून भेदभाव नाही. वर्णाची तक्रार वेगळी मांडा, दोन्ही एकत्र करता येणार नाहीत. पण नोकरीत असलेल्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि कारखान्यातले काळे कामगार पुरुष होते. काळी स्त्री कुठल्याच रकान्यात बसेना. किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ मध्ये याच खटल्यावर लिहिताना हा शब्द दिला आणि चौकाची उपमा वापरली. चौकात उभ्या असलेल्या माणसाला कुठल्याही रस्त्याने आलेली गाडी धडकू शकते, कधी एकाच वेळी दोन.

आता आपल्या मुलीची टीम बघा. त्या अमेरिकन बाईला लीड मिनिट्स लिहायला सांगत नाही. टीममधल्या मराठी मुलाला तो ‘अरे’ म्हणत नाही, इंग्रजीत नावाने बोलावतो. म्हणजे बायकांना वाईट वागवतो म्हणावं तर एक बाई सुटली, मराठी माणसाला म्हणावं तर एक मराठी माणूस सुटला. सापडली फक्त मराठी बाई.

आणि तक्रार करायची तर कशाची? एचआरमधली बाई विचारणार, तो नक्की काय म्हणाला? ‘अगं’चं भाषांतर काय करणार? आपल्या घरात तो प्रेमाचा शब्द आहे. पण जिला तुम्ही ‘अगं’ म्हणता, तिला चहा टाकायला सांगता येतं, बोलताना मधेच तोडता येतं. ऑफिसात हा शब्द आला की घरातली उतरंडही मागोमाग येते, आणि ती त्या खोलीत फक्त दोघांनाच दिसते.

मुलीचं म्हणणं, तिने तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. बरोबर आहे, पण माझी मुलगी इथे जन्मली आहे. एच-१बीवरच्या माणसाची नोकरी गेली तर नवी शोधायला फार तर ६० दिवस मिळतात. घरभाडं आणि गाडीचा हप्ता तर थांबत नाही. “बोल ना” म्हणताना आपल्या खिशात कुठला पासपोर्ट आहे हे बघावं, आणि माझ्या वयाच्या बायकांनी “गप्प बस” म्हणतानाही बघावा. माझ्या खिशात तो कधीचा आहे.

पुढच्या रविवारी मी तिला पुन्हा बोलावलं. लीडची वाक्यं तारखेसकट, मराठीत जशीच्या तशी लिहून ठेवायला सांगितली, शेजारी इंग्रजी अर्थ आणि त्या वेळी खोलीत कोण होतं ते. भेदभावाविरुद्धचा कायदा व्हिसा बघत नाही. लिंग आणि मूळ देश, दोन्ही कारणं एकाच तक्रारीत देता येतात. तक्रार केली म्हणून सूड घेणं हेही बेकायदेशीरच धरतात. मात्र ईईओसीकडे जायला मुदत १८० दिवसांची आहे, बहुतेक राज्यांत ३००. माझा ‘ग्रीन कार्ड झाल्यावर बघू’ हा सल्ला त्या मुदतीत कुठे बसणार होता?

ही सगळी अमेरिकन विद्यापीठातली फॅशन आहे, असं आपल्याकडे काही जण म्हणतील. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातल्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मधल्या निबंधात महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलं, त्यात बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या बायकांचं दुःख वेगळं नोंदवलं. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मंडळात आपण सावित्रीबाईंची जयंती करतो, पण मुक्ताचा निबंध एकदाही वाचलेला नाही. त्यात जे आहे ते ऐकणं आपल्यातल्या पुष्कळांना सोपं जाणार नाही, हेही कारण असेल.

आणि मंडळातल्या पुरुषांनो, त्या खोलीत मराठी कळणारा आणखी एक जण होता. “या वेळी मिनिट्स मी लिहितो,” एवढं म्हणायला त्याला व्हिसा आड येत नव्हता. त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे.

तो बोलला नाही, तीच बोलली. नवरात्रात तिचा फोन आला. लीडला तिने एकटं गाठून मराठीतच सांगितलं, “ऑफिसात माझ्याशी इंग्रजीत बोला.” आता मिनिट्स पाळीने लिहिले जातात. तो तिच्याशी कामापुरतंच बोलतो, आणि जानेवारीत तिचं वर्षाचं मूल्यमापन त्यालाच करायचं आहे. तिची वही चालू आहे.