मागच्या चाकांमधला भोपळा

मोटार घेणारा गृहस्थ रंग पाहतो, आसने दाबून पाहतो आणि लिटरला किती किलोमीटर पडतात ते तीन-तीनदा विचारतो. पण गाडीचा स्वभाव जिथे ठरतो, तिथे वाकून पाहायचे कोणाच्या मनातही येत नाही. २०१४ साली जिची निर्मिती थांबली ती अँबॅसडर घ्या, किंवा २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतलेली पद्मिनी टॅक्सी घ्या. दोघींच्या मागच्या चाकांमध्ये भोपळ्याएवढा एक लोखंडी गोळा असे. आजच्या बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांच्यात हाच संसार गिअरबॉक्सच्या शेजारी थाटलेला असतो, इतकेच.

या भोपळ्यात दोन कामे चालतात. पहिले काम क्राऊन आणि पिनियन या दातेरी चक्रांचे. पिनियनला १० दाते आणि क्राऊनला ४१ असतील, तर पिनियनच्या ४.१ फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. त्याऐवजी ८ आणि ३९ दात्यांची जोडी बसवली, तर फेऱ्या लागतात ४.८७५. इंजिन तेच, पण चाकाला ओढ मिळते सुमारे १९ टक्के जास्त. खंबाटकी घाटात माणसे-सामान भरलेली गाडी कुरकुर न करता चढते. पण व्यवहार रोखीचा आहे! सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये पहिल्या गाडीचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर तेवढ्याच वेगासाठी दुसरीचे सुमारे ३,५७० घेते. आवाज वाढतो आणि बहुधा पेट्रोलही जास्त लागते. घाटात मिळवले ते सपाटीवर मोजून द्यावे लागते.

दुसरे काम डिफरन्शियलचे. बैलगाडीला याची गरज नाही, कारण तिची दोन्ही चाके कण्यावर आपापली मोकळी फिरतात. मोटारीत मात्र इंजिनच चाके फिरवते. चाकांमध्ये १.३ मीटर अंतर असेल, तर गाडी अर्धवर्तुळात वळवताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ४ मीटर जास्त चालते. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली, तर एक घसटत जाणार आणि टायर झिजणार. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२०-३० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली. चार लहान चक्रे अशी गुंतवली, की दोन्ही चाकांचा वेग वेगळा राहावा, पण दोघांना जोर मात्र सारखाच मिळावा.

या समान वाटणीतच एक मेख आहे. ती मला कोकणातल्या एका पावसाळी रस्त्यावर वहिनींनी, म्हणजे आमच्या एका स्नेह्यांच्या सौभाग्यवतींनी, नेमकी विचारली. "भावोजी, चिखलातलं चाक भिंगरीसारखं फिरतंय आणि कोरड्या जमिनीवरचं ढिम्म! असं का हो?"

मी म्हटले, "वहिनी, चिखलातल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही. वाटणी सारखी, म्हणून कोरड्यालाही तेवढाच मिळतो. आणि तेवढ्यात गाडी हलत नाही."

म्हणून अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून उपयोग नाही. खड्डा वाढतो आणि आतली लहान चक्रेही भरडून निघतात. फिरत्या चाकाखाली गोणपाट, फांद्या किंवा खडी घालावी आणि हळूच निघावे. त्याला पकड मिळाली की भावालाही जोर मिळतो. मागच्या चाकांची गाडी असेल आणि तिचा हँडब्रेकही मागेच असेल, तर तो किंचित ओढून पाहावा. मोकाट चाकाला अडवले की दुसऱ्याचा वाटा वाढतो. आजच्या पुष्कळ गाड्यांत नेमके हेच काम संगणक ब्रेक लावून करतो. पुढच्या चाकांच्या गाडीत मात्र ही हँडब्रेकची युक्ती चालणार नाही.

तेव्हा सुट्टीत सहकुटुंब निघताना फराळाच्या डब्यांशेजारी दोन जुनी गोणपाटे जरूर टाका. जागा फारशी लागत नाही, आणि वेळ आली तर मुलांना चिखलात उतरून गाडी ढकलावी लागणार नाही.